कर्जमाफीच्या यादीत नसलेले कर्ज

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय बँक सल्लागार समिती, बीड
मा. अग्रणी जिल्हा बँक व्यवस्थापक, बीड

विषय : पाटोदा तालुक्यातील शैक्षणिक कर्जे

शैक्षणिक कर्ज माफ होत नाही. पाटोदा तालुक्यात ही गोष्ट कर्जाच्या अर्जावर सही होण्याआधी सांगितली जात नाही आणि सही झाल्यावर सांगून उपयोग नसतो. इथे ‘माफी’ म्हटले की सोसायटीच्या फलकावर लागलेल्या याद्या आठवतात. २००८ ची केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंतची होती, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती दोन लाखांपर्यंतची. तिन्ही वेळा माफ झाले ते शेतीचे कर्ज. दुष्काळ जाहीर झाला की मुलांचे परीक्षा शुल्कही माफ होते. त्यामुळे निवडणूक जवळ आली की मुलाच्या इंजिनिअरिंगचे कर्जही निघेल, असा हिशेब घराघरांत मांडला जातो. या हिशेबाला आधार नाही. पीककर्जाच्या धर्तीवर शैक्षणिक कर्जाची सरसकट माफी देशात कधी झालेली नाही. अमेरिकेत अध्यक्ष बायडेन यांनी २०२२ मध्ये प्रत्येकी दहा हजार डॉलरपर्यंत, काहींना वीस हजारांपर्यंत माफी जाहीर केली होती. तिची बातमी मोबाइलवरून इथपर्यंत पोचली. ती माफी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली, ही बातमी मात्र पोचली नाही.

बँका ‘राइट-ऑफ’ करतात, म्हणजे थकलेले कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून वेगळे ठेवतात. वर्तमानपत्रात त्याला बऱ्याचदा ‘कर्जे माफ केली’ असे छापले जाते. कर्जदाराचे देणे त्याने कमी होत नाही आणि वसुलीही थांबत नाही. हमी निधीचेही तसेच. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण २०१५ पासून आहे. कर्ज थकले तर थकीत रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई बँकेला मिळते. पण ती हमी बँकेसाठी आहे. विद्यार्थ्याकडून येणे ते येणेच राहते.

माफीऐवजी या कर्जात खरी सवलत आहे ती व्याजाची. केंद्रीय व्याज अनुदान योजना २००९-१० पासून चालू आहे आणि कॅनरा बँक तिची नोडल बँक आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, अभ्यासक्रम बारावीनंतरचा तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल आणि कर्ज भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेखाली बँकेतून घेतलेले असेल, तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचे पूर्ण व्याज केंद्र सरकार भरते. मर्यादा दहा लाखांच्या कर्जापर्यंत. पाटोदा तालुक्यात कोरडवाहू शेती आणि ऊसतोड यांवर चालणारी बहुतेक घरे या उत्पन्न मर्यादेच्या बरीच आत बसतात. ही सवलत किती मोठी आहे, ते आकड्यांत पाहिले तरच कळते.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख असे चार लाखांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले. शिक्षणाच्या काळात व्याज सरळव्याजाने लागते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस, म्हणजे एकूण १ लाख ४० हजार. अनुदान मिळाले तर हप्ते सुरू होताना देणे चार लाखच असते आणि दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ५,२८६ रुपये बसतो. अनुदान मिळाले नाही तर तेच देणे ५ लाख ४० हजार होते आणि हप्ता ७,१३६ वर जातो. महिन्याचा फरक १,८५० रुपये, दहा वर्षांत तो दोन लाख बावीस हजारांवर पोचतो. एका उत्पन्नाच्या दाखल्यामुळे आणि शाखेने वेळेत पाठवलेल्या मागणीमुळे एवढा फरक पडतो. इतकी मोठी रक्कम कागदासाठी अडून राहावी, याचे आश्चर्य वाटायला हवे, पण तालुक्यात कुणाला वाटत नाही.

अनुदानाच्या अटींत एक खाच आहे. महाविद्यालयाला नॅकचे मूल्यांकन किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता असावी लागते, नाहीतर संस्था राष्ट्रीय महत्त्वाची किंवा केंद्राच्या अनुदानावरची असावी लागते. फार्मसी, इंजिनिअरिंगची खाजगी महाविद्यालये गेल्या काही वर्षांत भराभर निघाली. त्यातल्या अनेकांकडे यांपैकी काहीच नसते. प्रवेश घेताना फी किती, होस्टेल आहे का, बस कुठून सुटते, हे विचारले जाते. नॅक आहे का, हे विचारणारा पालक विरळा. तो प्रश्न विचारला नाही तर वर दाखवलेले सव्वादोन लाख त्याच दिवशी हातचे जातात. शिवाय अनुदान एकदाच मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला. आजारपणासारखे कारण नसताना शिक्षण मध्येच सोडले तर तेही बंद होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना उत्पन्नाच्या अटीत यापेक्षा उदार आहे. जामीन नाही, तारण नाही आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत न घेणाऱ्या कुटुंबांनाही दहा लाखांच्या कर्जापर्यंत शिक्षणकाळात व्याजात तीन टक्के सवलत. पण ती देशातल्या निवडक, राष्ट्रीय क्रमवारीतल्या संस्थांपुरती आहे. सुरुवातीच्या यादीत अशा ८६० संस्था होत्या. पाटोद्याचा मुलगा पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात गेला तर या योजनेचा विचार करावा, तालुक्याजवळच्या खाजगी महाविद्यालयात गेला तर जुन्या अनुदानाचा. इतर मागासवर्गीय कुटुंबांसाठी राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना वेगळी आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जाती आणि अल्पसंख्याक समाजांची महामंडळेही शिक्षणासाठी कर्जे देतात. या सगळ्या योजनांचे फलक बीडला लागतात. पाटोद्यात लागत नाहीत.

कर्ज किती घ्यावे, हा प्रश्न नंतरचा. कर्ज न घेता काय मिळते, हे आधी पाहावे लागते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून लागू झाली आहे. खुल्या प्रवर्गातील मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. वसतिगृहाच्या निर्वाहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे मंजूर आहेत, आणि भगवानबाबांचे सावरगाव घाट याच तालुक्यात. हे अर्ज बहुतेक महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते म्हणून महाविद्यालय आधी पूर्ण फी मागते आणि त्या घाईत नको तितके कर्ज उचलले जाते. शासनमान्य सवलतीची फी आगाऊ मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. पालकाने बँकेत जाण्याआधी महाविद्यालयाकडून ‘सवलत वजा जाता फी’ असे लेखी पत्र मागितले, तर कर्जाचा आकडा बऱ्याचदा निम्म्यावर येतो.

कर्जाच्या मर्यादेसाठी एक कसोटी पुरते. त्या अभ्यासक्रमाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना सुरुवातीला खरोखर किती पगार मिळाला, ते महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर न जाता त्या मुलांनाच विचारावे. हप्ता त्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर कर्ज कमी करावे किंवा महाविद्यालय बदलावे. पुण्यात पंधरा-सोळा हजारांवर सुरुवात करणाऱ्या मुलाला खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे देऊन सात हजारांचा हप्ता झेपत नाही. वडिलांना गावाकडून पैसे पाठवावे लागतात, आणि हे उलट्या मनीऑर्डरीचे गणित तालुक्यात अनेक घरांत चालू आहे.

बँकेचे कर्ज मिळाले नाही किंवा उशिरा मिळाले की घरे दुसरीकडे वळतात. सावकाराचे महिना शेकडा तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. सोनेतारण, पतसंस्था, खाजगी फायनान्स कंपनीचे कर्ज. या कर्जांना व्याज अनुदान लागू होत नाही, हे फायनान्स कंपनीचा माणूस सांगत नाही. या तालुक्याचा खास मार्ग म्हणजे उचल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. मुलाची फी भरायची असेल त्या वर्षी उचल वाढवून घेतली जाते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामावर चढते. बँकेच्या कर्जात मुलाची भावी कमाई बांधली जाते, उचलीत आई-बापाचे अंग. हप्ता चुकला तर बँक नोटीस पाठवते. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते. बँकेच्या दारातून परत पाठवलेला प्रत्येक पात्र अर्ज या दुसऱ्या खात्यावर जमा होतो आणि कुठल्याच आराखड्यात दिसत नाही.

हे अर्ज परत का जातात, ते समितीने पाहायला हवे. पहिले कारण ‘तुमचे गाव आमच्याकडे नाही, दत्तक शाखेत जा’. शैक्षणिक कर्जाला सेवाक्षेत्राचा नियम लागू नाही, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. दुसरे कारण तारण. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे. पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत ना तारण लागते, ना त्रयस्थाचा जामीन. तरीही सातबारा आणा, असे सांगितले जाते. कुठे तर ठेव ठेवा, असेही.

तिसरे कारण सगळ्यांत चिवट आहे, ते म्हणजे वडिलांचे थकलेले पीककर्ज. आदर्श योजनेत वडील किंवा आई सहकर्जदार असतात, म्हणून त्यांचा पतइतिहास पाहिला जातो. मांजरेचा उगम याच तालुक्याच्या माळावर होतो, पण तिचे पाणी खालच्या जिल्ह्यांना मिळते. इथे पाऊस हुकला की सोयाबीन जाते आणि सोयाबीन गेले की सोसायटी थकते. त्या थकबाकीमुळे बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीचा अर्ज बाजूला पडतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की, विद्यार्थ्याचा सिबिल गुणांक कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, त्याच्या भावी कमाईकडे पाहावे. हा निकाल वडिलांच्या थकबाकीचा नव्हता आणि महाराष्ट्रातल्या शाखांवर बंधनकारकही नाही. पण शैक्षणिक कर्जाचा मूळ विचार त्याने नेमका पकडला आहे. आईचा पतइतिहास स्वच्छ असेल तर तिला सहकर्जदार करता येते. दुष्काळानंतर पुनर्गठन झालेले पीककर्ज थकीत धरायचे नसते. शाखेने अर्जदाराला या दोन गोष्टी सांगितल्या तरी बरेच अर्ज मार्गी लागतील.

नकार कसा द्यायचा, यालाही रीत आहे. आदर्श योजनेनुसार अर्ज पंधरा दिवसांपासून महिनाभरात निकाली काढायचा, नाकारायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने आणि कारण लेखी कळवून. प्रत्यक्षात नकार तोंडी मिळतो, तोही बहुधा ‘साहेब रजेवर आहेत’ अशा शब्दांत. विद्यालक्ष्मी पोर्टलवर केलेल्या अर्जाची नोंद राहते, म्हणून अर्ज तिथूनच करावा. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनामूल्य तक्रार करता येते. तक्रार मराठीत केली तरी चालते.

कर्ज मंजूर झाल्यावरचा काळ शांत वाटतो आणि नुकसान बहुतेक याच काळात होते. दरवर्षी फीची रक्कम थेट महाविद्यालयाला जाते. अनुदानाची मागणी शाखेनेच पोर्टलवर टाकायची असते आणि ती टाकली का, हे विद्यार्थ्याला कळत नाही. वर्षातून एकदा खातेउतारा काढून अनुदान जमा झाले का ते पाहावे. विमा काढला असेल तर त्याचे कागद घरी ठेवावेत, कारण विमा नसताना विद्यार्थ्याचे काही बरेवाईट झाले तर देणे सहकर्जदार आई-वडिलांवर येते.

परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, नोकरी लागली असो वा नसो. मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळते. वरच्याच चार लाखांचा हप्ता पंधरा वर्षांत ४,२९८ रुपयांवर येतो, पण एकूण भरणा ६ लाख ३४ हजारांऐवजी ७ लाख ७३ हजार होतो. लांब मुदत घ्यावी आणि हातात पैसा आला की जास्त भरावे, हे कमी पगाराच्या सुरुवातीला शहाणपणाचे. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना लावता येत नाही. व्याजावरची आयकर सवलत आठ वर्षे मिळते आणि तिला कमाल मर्यादा नाही, पण ती जुन्या कररचनेतच आहे. पाटोद्याहून गेलेल्या मुलाचा सुरुवातीचा पगार मुळात कराच्या रेषेखाली असतो, त्यामुळे जाहिरातीत मोठी दिसणारी ही सवलत इथे फारशी कामाची नाही.

पदवीनंतर पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा किंवा पोलीस भरतीचा अभ्यास करणारी मुले या तालुक्यात बरीच आहेत. त्यांचे सवलतीचे वर्ष अभ्यासिकेत संपते आणि हप्ता सुरू होतो. भारतीय बँक संघाच्या २०१५ च्या सुधारित योजनेत बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा हप्त्यांना विराम देण्याची सोय आहे. सुरुवातीला छोटा आणि पुढे वाढत जाणारा हप्ताही बांधून घेता येतो. दोन्हींसाठी हप्ता चुकण्याआधी लेखी अर्ज करावा लागतो. चुकल्यावर केलेला अर्ज विनंती ठरतो, आधी केलेला अर्ज नियोजन. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक होते आणि मुलाबरोबर वडिलांचाही पतइतिहास बिघडतो. पुढचे पीककर्ज मग तिथे अडते. राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. मात्र अशा खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि घरकर्जाच्या वेळी तो पुन्हा समोर येतो. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, एवढा हक्क थकबाकीदारालाही आहे.

समितीकडून अपेक्षित असलेली कामे तिच्या अधिकारातलीच आहेत. लीड बँक योजना १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींतून निघाली, ती जिल्ह्याच्या गरजेप्रमाणे कर्ज पोचावे म्हणून. वार्षिक पतपुरवठा आराखड्यात शैक्षणिक कर्जाची एक ओळ असते आणि पीककर्जाच्या चर्चेत ती वाचली जाते न जाते. पाटोद्यातल्या प्रत्येक शाखेने तिमाहीला किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने नाकारले आणि व्याज अनुदानाच्या किती मागण्या पाठवल्या, हा तक्ता तालुकास्तरीय बैठकीत ठेवावा आणि बँकेच्या फलकावर लावावा. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली पंधरा दिवसांत द्यायचा असतो. जून-जुलैत महाविद्यालयातच शिबिर घेतले तर दाखला आणि कर्जाचा अर्ज एकाच दिवशी होईल.

सहकर्जदाराच्या सहीचा प्रश्न मात्र ऊसतोडीच्या भागाचा खास आहे. प्रवेशफेऱ्या अलीकडे लांबतात, शेवटची फेरी कधी ऑक्टोबरात जाते. कर्ज मंजूर होऊन सहकर्जदाराची सही घ्यायची वेळ येते तेव्हा आई-वडील सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडावर असतात. सहीसाठी एकाने परत यायचे तर कोयता मोडतो, आठवड्याची मजुरी बुडते आणि जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. त्याच बँकेची शाखा कारखान्याच्या गावात असते. तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही आणि ओळखपडताळणी करून कागद पाटोद्याला पाठवण्याची सोय बँकांनी करावी, आणि टोळ्या गावातून निघण्याच्या आधी, सप्टेंबरात, ऊसतोड कुटुंबांचे अर्ज प्राधान्याने घ्यावेत.